एक खुर्ची कमी

गेल्या हिवाळ्यात भिलाईच्या सिविक सेंटरातील एका सभागृहात एका मुलाच्या सहाव्या वाढदिवसास जाण्याचा योग आम्हांस आला. मुलाचे आजोबा आमचे जुने शेजारी. पोलाद कारखान्यात आम्ही दोघांनी एकाच पाळीत पुष्कळ वर्षे काढली. चार वर्षांपूर्वी ते निवर्तले. त्यांच्या पत्नीस आम्ही आजही वहिनीच म्हणतो. त्यांनी स्वतः येऊन आमंत्रण दिले, तेव्हा गुडघ्यांची सबब सांगण्यास जागा उरली नाही.

सभागृह फुग्यांनी भरले होते. खेळ घेण्यासाठी पैसे देऊन एक तरुण बोलाविला होता. त्याच्या हाती ध्वनिक्षेपक आणि तोंडी अखंड हिंदी. त्याने प्रथम संगीत खुर्चीचा पुकारा केला. पंधरा मुले, चौदा खुर्च्या. गाणे थांबले आणि पहिल्याच फेरीत ज्याचा वाढदिवस तोच मुलगा उभा राहिला. त्याचा ओठ थरथरू लागताच त्या चतुर तरुणाने बाजूची एक खुर्ची ओढून त्यास बसविले. यावर उरलेल्या चौदा मुलांनी जो गिल्ला केला, त्यात मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि मल्याळी घरांतील कंठ होते. पण शब्द एकच होता: 'चीटिंग'.

वाढदिवसाच्या दिवशी उत्सवमूर्तीने हरावे की हरू नये? प्रश्न पोरकट खरा. पण तो डोक्यात घेऊनच आम्ही घरी आलो. मग जुनी पुस्तके काढली आणि काही दिवस याच नादात घालविले. त्यातून हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, आपल्या जुन्या घरांतल्या वाढदिवसात खेळास स्थान नव्हते. धर्मशास्त्राने त्यास वर्धापन किंवा अब्दपूर्ती म्हटले आणि तो तिथीने करावयास सांगितला. पहाटे अभ्यंगस्नान, मार्कंडेयादी चिरंजीवांचे पूजन, तीळ व गूळ घातलेले दूध प्यावयाचे, सायंकाळी पाटावर बसवून औक्षण, पानात काही गोड. मृत्यूस चुकविलेल्या मार्कंडेयाचे स्मरण हा या विधीचा गाभा. ज्या काळी पाच मुलांतली दोन हाती लागत नसत, त्या काळी मूल आणखी एक वर्ष जगले याचा आनंद दबक्या आवाजातच करावा लागे. दृष्ट लागण्याचे भय होते. आणि बहुतेक घरांत हा सोहळा मुलाचा असे. मुलीची जन्मतिथी आईच्या ध्यानात राही, पाट मात्र क्वचितच मांडला जाई. ओवाळावयास सवाष्णी लागत. ज्या आजीने रात्री जागवून त्या पोरास वाढविले, ती विधवा असली तर दाराआड उभी राही.

तेव्हा खेळांचे मूळ शोधावयाचे तर घरगुती विधी सोडून दुसऱ्याच एका मुलाच्या वाढदिवसाकडे वळले पाहिजे. तो मुलगा म्हणजे गोकुळातला कृष्ण. गोकुळाष्टमी हा मुलाचा जन्मदिवस आणि दुसऱ्या दिवशीचा गोपाळकाला ही त्या निमित्ताची खेळांची बैठक, असे आम्ही म्हटले तर भाविकांनी रागावू नये. भागवताचा दशम स्कंध चाळला तर सातव्या अध्यायात एक विलक्षण प्रसंग आहे. बाळ प्रथमच कुशीवर वळले आणि त्याच दिवशी त्याचे जन्मनक्षत्र आले, म्हणून नंदाच्या घरी उत्सव झाला. गोकुळातल्या बायका जमल्या, वाद्ये वाजली, दानधर्म झाला. यशोदा पाहुण्यांच्या सरबराईत इतकी गुंतली की, गाड्याखाली निजविलेले बाळ भुकेने रडते आहे हे तिच्या कानी गेलेच नाही. मग बाळाने पाय झाडले आणि गाडा उलटला. ज्याचा उत्सव त्याचाच विसर पडावा, हा प्रकार सिविक सेंटरातील सभागृहांच्या बराच आधीचा आहे, हे वाचून आमचे समाधान झाले.

त्याच स्कंधाच्या अठराव्या अध्यायात गोपाळांच्या खेळांचे वर्णन येते. डोळे झाकून शिवाशिवी, बेडकाप्रमाणे उड्या, फळांची फेकाफेक, पशुपक्ष्यांचे आवाज आणि सोंगे असे ते खेळ आहेत. शेवटी दोन पक्ष पाडून, हरणाऱ्याने जिंकणाऱ्यास पाठीवर वाहून न्यावयाचे. त्या डावात कृष्णाचा पक्ष हरतो आणि कृष्ण श्रीदाम्यास पाठुंगळीस घेतो. तेथे कोणी खुर्ची ओढून दिली नाही. सिविक सेंटरातच कृष्णार्जुनांच्या रथाचे मोठे शिल्प आहे. त्या सारथ्याकडे येता जाता पाहताना श्रीदाम्याचे ओझे वाहणारा पोर आम्हांस यापूर्वी कधी आठवला नव्हता.

मराठी संतांनी या खेळांस आपल्या मातीतली नावे दिली. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुंबरी, टिपरी, फुगडी अशा खेळांवर अभंग आहेत. त्यांतला अर्थ पारमार्थिक असला तरी खेळाचे तपशील डोळसपणे पाहिलेल्याचे आहेत. पुढे बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 1936 पासून 1949 पर्यंत दहा खंडांत 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध केला. देशी खेळांचा एवढा संभार महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी संस्थानात ग्रंथबद्ध व्हावा, याचा बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांस थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य आहे.

दहीहंडीचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. शिंक्यावरचे दही काढण्यासाठी पोरांनी केलेली युक्ती तरुणांच्या मनोऱ्यांची आणि लक्षावधींच्या बक्षिसांची स्पर्धा झाली. अपघात वाढले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि 2017 पासून 14 वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने मनाई झाली. मनाई योग्यच आहे. पण एका लहान मुलाच्या वाढदिवसाचा खेळ खेळण्यास लहान मुलेच अपात्र ठरावीत, ही गंमतही नोंदविण्यासारखी आहे.

हंडीचे दुसरे रूप मात्र लहानांकडेच राहिले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण लहान मुलांचे बोरन्हाण करतो. काळे झबले, हलव्याचे दागिने घालून मुलास पाटावर बसवावयाचे आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या ओतावयाच्या. भोवतालची मुले ते लुटतात. आता उत्तरेकडील वाढदिवसांत 'खोई बॅग' म्हणून प्रकार असतो. खोई म्हणजे लाह्या. कागदी पिशवीत किंवा मोठ्या फुग्यात लाह्या, गोळ्या, लहानसहान खेळणी भरून ती उंच टांगतात व फोडतात. खाली मुलांची झुंबड. मेक्सिकोतले लोक हेच पिन्याता या नावाने करतात. कोणी कोणापासून घेतले हा वाद आम्हांस निष्फळ वाटतो. उंचावरून खाऊ पडावा आणि तो लुटावा, हे सुख शोधण्यासाठी माणसास समुद्र ओलांडावा लागला नसेल.

बाकीचे बहुतेक खेळ मात्र समुद्र ओलांडूनच आले, आणि तेही केकच्या पाठोपाठ. वयाइतक्या मेणबत्त्या लावलेल्या केकची जुनी नोंद जर्मनीतली आहे: 1746 साली काउंट झिन्झेनडॉर्फ याच्या वाढदिवशी तसा केक झाला होता. वाढदिवसाच्या सुप्रसिद्ध इंग्रजी गाण्याची चाल अमेरिकेतल्या केंटकी संस्थानात पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या दोघी बहिणींनी 1893 साली प्रसिद्ध केलेल्या बालवर्गाच्या गीताची. शाळेत आलेल्या मुलांना गुरुजनांनी सुप्रभात म्हणावे, एवढाच त्याचा मूळ हेतू. पुढे तिच्यावर दुसरे शब्द बसले, त्या शब्दांवर एका कंपनीने दीर्घकाळ हक्क सांगितला, आणि 2015 मध्ये अमेरिकन न्यायालयाने तो फेटाळला. गाढवास शेपूट लावण्याचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेत छापील स्वरूपात विकला जाऊ लागला. संगीत खुर्चीस जर्मन लोक 'जेरुसलेमची यात्रा' म्हणतात. ते नाव का पडले याबद्दल नाना तर्क आहेत, त्यांत आम्ही शिरत नाही. इंग्रजांच्या छावण्या, रेल्वेच्या वसाहती आणि मिशनच्या शाळा या तीन वाटांनी हा सगळा सरंजाम आपल्याकडे आला.

दिवा लावणारी आपली संस्कृती आणि दिवा विझविणारी त्यांची, असे एक वाक्य या विषयावरच्या प्रत्येक लेखात असते. आम्ही ते येथे टाळणार आहो. सहा मेणबत्त्या फुंकणाऱ्या मुलाच्या मनात संस्कृतीचा प्रश्न नसतो. आपली थुंकी केकवर उडाली हे आईने पाहिले की नाही, हा असतो.

आता भिलाईकडे येऊ. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार 1955 च्या फेब्रुवारीत झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. 1956 च्या नोव्हेंबरात राजधानी भोपाळला गेली, विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, आणि नागपूर व दुर्ग यांच्यामध्ये राज्याची सीमा आली. आगगाडी मात्र तीच राहिली. आमचे वडील त्याच गाडीने आले. 1959 च्या 4 फेब्रुवारीस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेव्हा आम्ही कोणाच्या तरी खांद्यावर बसून होतो एवढेच स्मरते. छत्तीसगढात मराठी माणूस त्यापूर्वीही नवा नव्हता. बिंबाजी भोसले 1758 पासून 1787 पर्यंत रतनपुरास राज्य करून गेले, आणि रायपूर-बिलासपुरातील जुनी मराठी घराणी तेव्हापासूनची वाट सांगतात. पण ती घराणी वाड्यांत राहत. आमच्या वाट्यास क्वार्टर आले.

क्वार्टरात आजी नव्हती, हे या वसाहतीचे खरे वैशिष्ट्य. तरुण नवरा, तरुण बायको, एकदोन मुले. शेजारी उजवीकडे आंध्रातले, डावीकडे केरळातले, समोर बंगाली. तिथी कोणाची कोणास कळत नव्हती. अमान्त महिना आणि पौर्णिमान्त महिना यांचा घोळ तर सर्वज्ञातच आहे. आमची श्रावण वद्य अष्टमी हिंदी शेजाऱ्याच्या पंचांगात भाद्रपदात पडते. शाळेच्या पटावर तारीख लिहावी लागे, म्हणून तारखेचा वाढदिवस रूढ झाला. आमच्या वडिलांच्या पिढीस ही अडचण नव्हती. मास्तरांनी त्यांतल्या निम्म्यांचा जन्म विदर्भात 1 जून आणि छत्तीसगढात 1 जुलै या दिवशी परस्पर उरकून टाकला होता.

आई-बापांच्या सणांनी माणसे आपापल्या प्रांतात वाटली जात: गणपती आमचा, ओणम त्यांचा, दुर्गापूजा समोरच्यांची. मुलाचा वाढदिवस मात्र कोणत्याच प्रांताचा नव्हता. बापाची पाळी पाहून वेळ ठरे. दुपारची पाळी असली तर सोहळा सकाळीच उरके. केक प्रेशर कुकरमध्ये वाळूवर भाजलेला असे. आणि खेळ असे निवडले जात की ज्यांस भाषा लागू नये. लिंबू-चमचा, आंधळी कोशिंबीर, संगीत खुर्ची. संगीत म्हणजे ताटलीवर आपटलेला चमचा. परदेशी खेळ भिलाईत रुजले ते साहेबाच्या अनुकरणाने, असे कोणी म्हणेल तर आम्ही त्यास पुरते सहमत होणार नाही. ते रुजले, कारण एका भिंतीआड चार भाषा बोलणाऱ्या मुलांस एकत्र खेळावयाचे होते आणि विटीदांडूस अंगण अपुरे होते.

गावात रशियन तज्ज्ञ व त्यांची कुटुंबेही होती. रशियन मुलांच्या वाढदिवसात 'कारावाय' नावाचा फेर असतो. मधोमध उत्सवमूर्ती, भोवती हात धरलेली मुले; गाण्यातला पाव एवढा उंच, एवढा ठेंगणा, एवढा रुंद, असे हातांनी दाखवीत फेर मोठा होतो, लहान होतो, आणि अखेर मधला मुलगा फेरातल्या एकास निवडून आपल्या जागी आणतो. यात कोणी बाद होत नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 पासून नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे जे बालशिक्षण मांडले, त्यातही चढाओढीस आणि बक्षिसांस विरोधच होता. संगीत खुर्चीचा धर्म याच्या नेमका उलट. ती प्रत्येक फेरीस एक खुर्ची कमी करीत जाते.

कमी पडणाऱ्या खुर्च्यांची ही गोष्ट भिलाईस लागू करावी की नाही, असा विचार आम्ही बराच केला. कारखाना ज्या जमिनीवर उभा राहिला ती गावांची होती. त्या गावांतली मुले आमच्या वाढदिवसांस कुंपणाबाहेर उभी असत. केकचा तुकडा कधी त्यांच्यापर्यंत जाई, कधी जात नसे. खेळात त्यांस घेतल्याचे मात्र आम्हांस स्मरत नाही. ही आठवण सुखाची नाही. वस्तुतः खेळ त्यांच्यापाशी कितीतरी अधिक होते. हरेलीच्या दिवशी बांबूच्या गेडीवर चढून ती मुले चिखलातून अशी जात की आमचा श्वास रोखला जाई. भौंरा म्हणजे भोवरा, बांटी म्हणजे गोट्या, पिट्ठुल म्हणजे आपली लगोरी. त्यांची फुगडी आमच्या फुगडीहून वेगळी. उकिडवे बसून पाय पुढेमागे टाकीत ती खेळतात, आणि आमच्या मुली गिरक्या घेऊन थकतात त्याच्या तिप्पट वेळ त्यांचा दम टिकतो. 2022 साली राज्य सरकारने 'छत्तीसगढिया ओलंपिक' या नावाने याच खेळांच्या स्पर्धा भरविल्या, तेव्हा पुष्कळ भिलाईकरांस त्यांची नावे प्रथम वर्तमानपत्रात वाचावयास मिळाली. साठ वर्षे कुंपणापलीकडे चाललेले खेळ!

इंग्लंडचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी या गावी दीर्घकाळ अभ्यास करून 2020 मध्ये 'क्लासेस ऑफ लेबर' हा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील लोक 'नौकरी' आणि 'काम' या दोन शब्दांत केवढा भेद करतात, हे त्यात विस्ताराने आले आहे. नौकरी कायमची, कारखान्याची. काम ठेकेदाराचे, आजचे उद्या नाही. एकाच भट्टीपाशी उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या मुलाचा वाढदिवस होई, दुसऱ्याच्या मुलाची जन्मतारीखही कोठे लिहिलेली नसे. पुढे नौकरीच्याही जागा घटत गेल्या. आमच्या पिढीची बहुतेक मुले पुणे, बंगळूर, हैदराबाद अशी पांगली, आणि वसाहतीतली कितीतरी क्वार्टरे संध्याकाळी अंधारी दिसतात. जो सोहळा अंगणात होई तो सभागृहात गेला, याचे एक कारण हेही आहे की, अंगणात जमावीत एवढी मुले आता एका रस्त्यावर नाहीत. त्यांस निरनिराळ्या सेक्टरांतून गाडीत घालून आणावे लागते.

त्या सायंकाळकडे पुन्हा वळून हे लिखाण पुरे करू. संगीत खुर्ची कशीबशी संपली. केक कापण्यापूर्वी औक्षणाचे तबक आले. सून पुढे झाली, आत्या पुढे झाली, शेजारणी पुढे झाल्या. वहिनी चार पावले मागे सरकून भिंतीस टेकल्या. त्यांस कोणी अडविले नव्हते. सुनेने तर दोनदा हाक मारली. त्या नुसत्या हसल्या आणि 'चालू द्या' म्हणाल्या. या मुलास सकाळी शाळेत पोचविणे, दुपारी जेवू घालणे आणि ताप आला तर उशाशी बसणे हे सारे त्यांच्याकडे आहे. आम्ही त्या वेळी बोलावयास हवे होते. बोललो नाही.

जेवणास अवकाश होता. खेळ घेणारा तरुण आपली यंत्रे गुंडाळून दुसऱ्या समारंभास निघून गेला आणि मुले मोकाट सुटली. तेव्हा वहिनी बाहेरच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी मुलांस भोवती बोलाविले. खुर्च्या मांडण्यास आलेल्या मजुराचा मुलगा खांबापाशी उभा होता. त्यासही त्यांनी हाताने खूण करून बसविले. सर्वांची बोटे सतरंजीवर टेकविली आणि 'चिमणी उड' सुरू झाले. मुलांस 'चिड़िया उड़' ठाऊक होतेच. 'कावळा उड' म्हणताच बोटे वर गेली. 'म्हैस उड' या शब्दास दोघे फसले, त्यांत उत्सवमूर्ती एक. वहिनींनी नातवास सूट दिली नाही; गाढवासारखे ओरडण्याची शिक्षा त्याने पुरी केली, आणि ती त्यास इतकी आवडली की पुढच्या डावात तो मुद्दाम चुकतो की काय असा आम्हांस संशय आला.

मग वहिनींनी आपले ठेवणीतले अस्त्र काढले. त्या एकदम म्हणाल्या, 'घार उड!'

एकही बोट हलले नाही. पंधरा-सोळा मुलांत तो शब्द कोणासच ठाऊक नव्हता. मराठी घरांतल्या चौघांनाही नाही. सगळी एकमेकांच्या बोटांकडे पाहू लागली. घार उडते की चालते, हे विचारावे कोणाला? वहिनींनी मान वर केली. सिविक सेंटरावरचे आभाळ अजून तांबडे होते आणि त्यात उंच दोन घारी फिरत होत्या. त्यांनी बोट करून दाखविले. खांबापाशी बसलेल्या त्या मुलाने पाहिले, 'चील!' म्हणून ओरडला आणि आपले बोट वर केले. पण तेव्हा उशीर झाला होता. नियमाप्रमाणे सर्वच्या सर्व मुले बाद होती, आणि सर्वांना एकाच वेळी गाढवाचा आवाज काढावा लागला.